पाच टोकांची चांदणी

समीक्षाचं औषध तिच्या आईने कधीच चुकवलं नव्हतं. ते माझ्या एका वाक्यामुळे चुकलं, आणि हे मला दीड वर्ष ठाऊक होतं. मागच्या महिन्यात मोताळ्याच्या बाजारात भाजी घेताना शाळेतून फोन आला, "सर, समीक्षा गेली..." तेव्हा दुःखाच्याही आधी मनात आलं, आता ही गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. त्या विचाराची मला अजून भीती वाटते.

पाचवीपासून ती माझ्या वर्गात. जन्मानंतर दोन महिन्यांतच यकृताचं ऑपरेशन झालेलं, तरी ते निबर होतच गेलं. अकरा वर्षांची पोर आठ वर्षांची दिसायची, पोट पुढे, डोळे पिवळे. नव्या मुलाने डोळ्यांबद्दल विचारलं तर म्हणायची, "हळद लागली बे, लग्न हाय माह्यं." एखाद्या दिवशी सतराचा पाढा न अडखळता म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी सात अधिक पाचला अडून बसायची. काल येत होतं ते आज काऊन येत नाही, असं मी दरडावायचो. मला ते ढोंग वाटे. यकृत रक्त साफ करू शकलं नाही की ती घाण डोक्यात चढते आणि हुशार मूल धुकटात गेल्यासारखं होतं, हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. रोज सकाळी तिला एक गोड, चिकट औषध असे. त्याने तीन-चारदा पोट साफ होई, आणि त्यावरच तिचं डोकं ताळ्यावर राही.

त्यामुळे ती तासाला बाहेर जायची परवानगी मागे. एकदा मी भर वर्गात म्हणालो, "गणित निघालं का हिचं टमरेल निघते." वर्ग हसला. तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून तिने विचारणंच सोडलं. पोरीला शिस्त लागली, असं मी इतर शिक्षकांना सांगितलं.

आठवड्याभराने तिचं अक्षर ओळ सोडून खाली घसरू लागलं. पेनाला टोपण बसेना. मी तोच उतारा पुन्हा लिहायला लावला. ती निमूट लिहीत राहिली, प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा वाकडी... संध्याकाळी तिने आईला ओळखलं नाही. तिला अकोल्याला हलवलं.

त्यातून ती उठली. मी तिच्या घरी भेटायला गेलो. तिची आई, वंदनाताई, "जय भीम सर, बसा" म्हणून चहा ठेवायला आत वळल्या, तेवढ्यात समीक्षा हळूच म्हणाली, "औषध मीच न्हाणीत ओतत होती सर. वर्गातून उठा लागू नये म्हणून. आईले नका सांगू."

मी शब्द पाळला. किती सोयीचा होता तो शब्द! डॉक्टरांनी औषध चुकलं का म्हणून विचारलं, तेव्हा वंदनाताईंनी सगळं स्वतःवर घेतलं होतं. सकाळी शेतात निंदणाला जायच्या घाईत राहिलं असेल म्हणाल्या. त्यांनी मजुरीला जाणंच सोडलं, हेही मी पाहत होतो.

मी समीक्षाला दाराजवळची जागा दिली, उत्तराला वेळ दिला. माझं चुकलं, एवढं मात्र म्हणालो नाही. हात न उचलता रोज एक चांदणी काढायची, ती वाकडी आली तर कळवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर ती काढून मला दाखवायची, "पाहा सर, डोकं जाग्यावर हाय."

शेवटी रक्ताची उलटी झाली. आजारच त्या थराला गेला होता, असं डॉक्टर म्हणाले. पण तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेल्या प्रत्येकाला वंदनाताई सांगत होत्या, "एकदा माह्याकून औषध चुकलं, तवापासून उतरली पोरगी." मी सतरंजीवर बसून ऐकलं आणि घरी आलो.

चार दिवसांनी पुन्हा गेलो. त्यांनी ती वही माझ्यापुढे धरली. शेवटच्या चांदणीचं एक टोक उघडं राहिलं होतं. "हे जुळलं नाही सर. मले दिसलंच नाही..."

मी वही मिटली नाही.

"वंदनाताई, औषध तुमच्या हातून चुकलं नाही. मी भर वर्गात तिच्या टमरेलावर बोललो, म्हणून ती ते न्हाणीत ओतत होती. तिनं मले सांगलं होतं. मी तुम्हाले दीड वर्ष रडताना पाह्यलं अन् गप रायलो. तिची माफी मागायची राहून गेली... तुमची मागतो."