दादांना बरं झाल्यावर ठेवायचं कुठं?

"लिव्हर म्हणजे यकृत सुजलंय. मूळ आजार अल्कोहोलिझम," डॉक्टर म्हणाले. मग मला समजावून सांगितलं, ही नुसती सवय नव्हे, दारूचा आजार आहे. आमच्याकडे आजवर याला कुणी आजार म्हटलं नव्हतं. खरं सांगते, मला जरा हलकं वाटलं.

दादा म्हणजे माझे वडील. सोलापूरच्या एका गिरणीत मागावर होते. आई गेल्यापासून पिणं वाढलं. दवाखान्यात दारू तोडली तेव्हा त्यांचे हात थरथरत, भिंतीवर नसलेले किडे दिसत. याला विथड्रॉवल म्हणतात. दारू एकदम सुटली की शरीर असं उलटतं. मी आणि धाकटी सुमी व्हरांड्यात बसून असू.

हळूहळू ते निवळले. एका सकाळी त्यांनी सुमीची वेणी घातली. वाकडी होती, पण तिनं दिवसभर कुणाला सोडू दिली नाही.

त्यांना घरी आणलं. आजारातून उठलेल्याला शेजाऱ्यांनी काही ताकदीचं आणून द्यायचं, ही आमच्या चाळीची रीत. कुणी अंडी आणली, कुणी पायांचा रस्सा. दादांच्या शेजारच्या मागावरचे गुंडूमामा हातभट्टीचा पेला घेऊन आले.

"औषध म्हून घे की गड्या. एवढ्यानं काय हुतंय?"

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. दादांनी पेला घेतला. आठवड्याच्या आत पुन्हा तोच वॉर्ड.

डॉक्टर रागावले नाहीत. "चाळीत परत नेऊ नका. क्षयाच्या रोग्यांसाठी सरकार सॅनेटोरियम, म्हणजे राहून बरं व्हायची जागा, चालवतं. यांनाही दारू नसलेलं घर हवं, आणि मुली जवळ हव्यात." असं घर कुठं मिळतं, मी विचारलं. "अजून तरी सरकारनं कुठं बांधलेलं नाही," ते म्हणाले.

मी आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांकडे गेले. सरकारी खर्चानं अशा कुटुंबांसाठी चार खोल्या बांधाव्यात, म्हटलं. ते हसले.

"पोरी, बेवड्यास्नी सरकारनं घरं द्यायची व्हय? मग समदंच प्यायला लागतील की!"

"दारू सोडलेल्यांसाठी, काका," एवढंच मला बोलता आलं.

आता दादा टेंभुर्णीजवळ माळकरी चुलत्यांच्या मळ्यात राहतात. तिथं दारू शिवत नाहीत. आमचं शिक्षण इथं सोलापुरात, म्हणून आम्ही आत्याकडे. डॉक्टरांचे आणि चुलत्यांचे उपकार फिटायचे नाहीत. तुमच्या घरी असं कुणी असेल, तर दवाखान्यातून सुटण्याआधीच ते माणूस कुठं राहील ते बघा.

परवा त्यांना भेटून मळ्यावरून परत निघालो, तेव्हा दादा आम्हांला एसटीत बसवायला आले. सुमीनं खिडकीतून विचारलं, "दादा, तुमी बरे झालात न्हवं? मग आमी का चाललोय?"