सोनवणे साहेबांचं जपानी

ट्रेनिंगला गेलं की सर्टिफिकेट फायलीत जातं, फुकटचं पेन घरातलं कुणीतरी पळवतं आणि आपल्याकडे किस्से तेवढे उरतात. नव्वदच्या दशकात शिरूरजवळच्या आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढायच्या कारखान्यात, मॅनेजर लोकांची इतकी ट्रेनिंगं झाली, की ते किस्से अजून संपत नाहीत. आणि कुठूनही सुरू करा, गाडी शेवटी सोनवणे साहेबांवरच येते.

सोनवणे आमचे प्रॉडक्शन मॅनेजर. मूळचे खुटबावचे, फिटर म्हणून लागले आणि स्वतःच्या हिमतीवर वर आले. माणूस आवाजाला मोठा, मनाला त्याहून मोठा.

*

पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. सोनवण्यांचं 'हाय' त्यांनी फारच मनावर घेतलं. 'हाय' नाही, 'आहे' म्हणायचं, असं सगळा दिवस घोटून घेतलं. निघताना विचारलं, "लक्षात राहील ना, सर?"

"लक्षात हाय की, मॅडम."

*

एकदा पुण्याच्या हॉटेलात रोल प्ले होता. मी चिडलेला कस्टमर, सोनवणे मॅनेजर. मला काही सुचेना, म्हणून दौंडच्या एका गिऱ्हाइकाची खरीच तक्रार ठोकून दिली, की माझा माल तुमच्याकडे पडून आहे. सोनवणे तडक उठले आणि रिसेप्शनवरून फॅक्टरीला फोन लावला. ट्रेनर मागे धावले. नाटकातला फोन नुसता हावभावानं करायचा असतो, असं त्यांनी समजावून सांगितलं.

तोवर मालाची गाडी गेटबाहेर पडली होती!

*

मग दुभाष्याला सोबत घेऊन जपानी ट्रेनर आले, मोरी सान. शॉपमध्ये त्यांचे लगेच मोरे साहेब झाले. यवतचा एक ऑपरेटर तर त्यांना गाव विचारायला निघाला होता. जपानीत 'हो'ला 'हाय' म्हणतात, एवढंच जपानी आम्हाला आलं.

मोरे साहेबांनी लाल टॅग वाटले आणि नको असलेल्या वस्तूला लावायला सांगितले. आम्ही मोडकी स्टुलं शोधत फिरलो. सोनवण्यांनी केबिनमधल्या स्वतःच्या खुर्चीला टॅग लावला. "मी बसतो कवा हिच्यावर?"

मोरे साहेब कमरेत वाकले. आम्ही बाकीचे आपापल्या खुर्च्या धरून बसलो.

*

नवी प्रेस लाईन आमच्याकडे यायची की कंपनीच्या दुसऱ्या प्लांटला जायची, हे मोरे साहेबांच्या शब्दावर ठरणार होतं. ती गेली असती तर आमची टेंपररी पोरं घरी बसली असती, आणि ती सगळी सोनवण्यांच्या हाताखाली तयार झालेली. डायरेक्टरांनी बजावलं होतं, काहीही विचारलं तरी 'नो प्रॉब्लेम' म्हणायचं.

मोरे साहेब एका प्रेससमोर थांबले. "प्रॉब्लेम?"

आम्ही सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या.

"हाय," सोनवणे म्हणाले.

डायरेक्टरांचा चेहरा उतरला. मोरे साहेबांचा उजळला. "हाय?"

"हाय. डाय तापली की पत्र्याची कड खरखरीत येती." त्यांनी साच्यातून निघालेल्या पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवून दाखवलं.

मोरे साहेबांनी कोट काढला. दुपारभर दोघं त्या प्रेसपाशी वाकून एकमेकांना 'हाय, हाय' करत होते. दुभाष्याला कुणी विचारलंच नाही.

संध्याकाळी मोरे साहेब दुभाष्यामार्फत म्हणाले, "तिकडच्या प्लांटला सगळे 'नो प्रॉब्लेम' म्हणाले. मी त्यांना काय शिकवू? लाईन इथंच टाका."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कशाला लपवू?

निघताना मोरे साहेबांनी सोनवण्यांचा हात हातात घेतला आणि दुभाष्याला विचारायला लावलं, की इतकं छान जपानी तुम्ही कुठं शिकलात?

"खुटबावला," सोनवणे म्हणाले.