अजून अकराजण जुन्यावरच

अ‍ॅप चालवणाऱ्याकडे तक्रारी साठतात, तसे किस्सेही साठतात. तक्रारीला उत्तर लिहिता येतं. किस्सा सांगायला समोर कुणीतरी लागतं. औंधात मी एकटाच राहतो, म्हणून तुम्हाला सांगतो.

परदेशात शिकून परत आलो ते गावाकडे काही बदलायचं म्हणूनच. इथल्या पाणी संस्थेचं पाणी शेतकऱ्यांना पाळीनं मिळतं. कुणाची पाळी कधी, हे सांगणारं अ‍ॅप मी केलं. जुन्या व्हर्जनमध्ये आपलं रान भिजलं की 'झालं' दाबायचं, मग पुढच्या शेतकऱ्याला फोन लागायचा. नव्यात 'झालं' दाबलं की फोनऐवजी मेसेज आपोआप जातो. महिनाअखेर जुनं बंद करायचं होतं, आणि अकराजण अजून जुन्यावरच! शेवटी गाडी काढली.

*

पहिले निवृत्त सुभेदार. म्हणाले, लेखी ऑर्डर आण. मी वहीचा कागद फाडून ऑर्डर लिहिली, खाली सही केली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि आत बायकोला हाक मारली, "आवं, ह्यो पोरगा फोनमधलं कायतरी बदलायचं म्हणतोय. परवानगी हाय का?"

आतून परवानगी आली नाही.

*

मोटार रिवाइंडिंगवाले रशीदचाचा अपडेटला कधीचेच तयार होते, पण फोनमध्ये जागा नव्हती. सगळे व्हिडिओ त्यांच्या एका बोकडाचे. एखादा काढू का, विचारलं. कुठला काढायचा ते ठरवायला आम्ही सगळे बघितले. शेवटचा संपायच्या आत बॅटरी संपली.

*

सुशीलाकाकूंना वाचता येत नाही. 'झालं' कुठं आहे ते त्यांना पाठ होतं, आणि नव्या व्हर्जनमध्ये मी ते बटण वर नेलेलं. वर का नेलं, हे मी त्यांना तळमळीनं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"आरं बाळा, मी कुठं शिकलीय? माझा अंगठा शिकलाय."

त्या दिवशी खोलीवर येऊन हे जुन्या मित्रांच्या ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी वाचलं. उत्तर कुणाचंच आलं नाही.

*

शेवटी तात्या. मळ्यात एकटे राहतात. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी अपडेट दाबणार, तेवढ्यात म्हणाले, "नव्यात फोन कुणाला लागंल?"

"कुणालाच नाही, तात्या. पुढच्या पाळीला बाळू आहे ना, त्याला नुसता मेसेज जाईल."

"बाळू आता उचलतच न्हाई. भेटला की मेसेज आलाय म्हणतो. आदी इचारायचा, जेवलासा का म्हणून."

मी अपडेट केलं नाही. बाळू नव्यावर होता; तात्यांनी 'झालं' दाबलं की त्याला मेसेज जात होताच. तात्यांच्या अ‍ॅपमधला त्याचा नंबर तेवढा काढला आणि माझा घातला. जुनं व्हर्जन बंद करायची तारीखही पुसली.

आता दर गुरुवारी सकाळी फोन वाजतो.

"माझं झालं रं. पाणी सोडलंय तुझ्याकडं."

माझ्या नावावर एक गुंठाही रान नाही, हे तात्यांना ठाऊक आहे.

"निघालोच, तात्या," मी म्हणतो.

"दमानं ये. पाणी कुठं पळतंय?"