सेमाडोहच्या पुढे

पिशव्या भरून झाल्या आहेत. सायकल गॅलरीत भिंतीला टेकून उभी आहे आणि वैजयंती तिच्या शेजारी चटईवर जरा आडवी झाली आहे. झोपायचं नाहीये. लेक कॉलेजातून यायच्या आत गॅसची छोटी शेगडी कुठल्या पिशवीत बसवायची तेवढं ठरवायचं आहे. दुपारचं ऊन गजांमधून पोटऱ्यांवर पडलंय. खाली अंगणात कुणीतरी गादी झोडपतंय आणि दोन फटक्यांमधलं अंतर हळूहळू वाढत चाललंय. मग पुढचा फटका येतच नाही.

"शेगडी डावीकडे," निलोफर म्हणते. "उजवीकडे पाणी आहे ना. तोल जाईल."

निलोफर गॅलरीच्या दारात मांडी घालून बसलीय. डोक्याला निळा रुमाल, मनगटावर दवाखान्याची प्लॅस्टिकची पट्टी. वैजयंतीला नवल वाटत नाही. फक्त तिला कळतं, की आता फार जोरात हालचाल करायची नाही.

दोघी अमरावतीच्या एकाच शाळेत शिकवायच्या. निलोफर गणित, वैजयंती भूगोल. मेळघाटची ही सफर दोघींनी मिळून ठरवली होती. मागे गाडी नको, सोबत कुणी नको, जे लागेल ते आपलं आपल्या सायकलवर लादायचं. निलोफरला सलाईन लावलेलं असायचं तेव्हा तिच्या चादरीवर नकाशा पसरून त्या बसत. अमरावती ते परतवाडा. मग घाट चढून चिखलदरा. मग सेमाडोह. तिथे सिपना नदीवर निलोफरचं बोट थांबलं होतं. "बाकीचं उद्या बघू गं, डोळे मिटताहेत," असं ती म्हणाली होती. तो उद्या काही आला नाही.

तेव्हापासून वैजयंती रोज संध्याकाळी नकाशा उघडते. सेमाडोहपर्यंत बोट सरसर जातं आणि तिथे अडतं. उद्या सकाळी निघायचं आहे. "सगळं ठरलंय," असं तिने लेकीला, केतकीला, ठणकावून सांगितलंय. ठरलेलं काहीच नाही.

"माझी सायकल कुठाय?" निलोफर विचारते.

वैजयंती उठून बसते तर शाळेच्या सायकल स्टँडवर आहे. रांगेने सायकली लावल्यात, सगळ्यांची हँडलं एकाच बाजूला वळलेली. निलोफर एकेक घंटी वाजवत पुढे चाललीय. एकाही घंटीचा आवाज येत नाही.

"नीलू, थांब."

"हिरवी गं माझी. इथेच लावते मी."

हिरवी सायकल निलोफरच्या भावाने कधीच अकोल्याला नेली, भाच्यासाठी. हे सांगायचं म्हणजे बाकीचंही सांगावं लागेल. वैजयंतीच्या तोंडात शब्द ओल्या पिठासारखा बसतो. शेवटी ती म्हणते, "माझी घे ना. आळीपाळीने चालवू."

निलोफर वळून बघते. खूप वेळ बघते. तिच्या डोळ्यांत राग नाही, पण ओळखही जरा उशिरानेच येते.

"एका सायकलवर दोघी? आणि एवढं सामान?"

"जाऊ हळूहळू."

घाट लागलेला आहे. दोन्हीकडे सागाची जंगलं, पानं भाकरीएवढी, आणि एकही पान हलत नाही. वैजयंती पायडल मारतेय, निलोफर मागे कॅरिअरवर बसलीय. आधी तिचं काहीच वजन वाटत नाही. मग एकेका वळणाला ते वाढत जातं. मांड्या पेटतात, कानशिलं ठणकतात.

"तुला धाप लागलीय," निलोफर म्हणते, अगदी कानाजवळ. तिचा स्वतःचा श्वास ऐकू येत नाही. मानेवर जाणवतही नाही.

"उतरू का मी?"

"नको."

"काहून? जड होतंय ना तुला?"

"होऊ दे."

पुढच्या वळणावर दवाखान्यातलं बाकडं आहे, रस्त्याच्या कडेला, दरीकडे तोंड करून. त्याच्यापुढे रस्त्यावर दवाखान्यातलीच हिरवट फरशी सुरू होते, आणि फिनाईलचा वास. चाक फरशीवर घसरतं. वैजयंती पाय टेकवते. मागे बघायचा धीर होत नाही, म्हणून ती हात मागे नेऊन चाचपते. कॅरिअर रिकामं आहे.

"आता माझी पाळी," समोरून आवाज येतो.

निलोफर सायकलवर बसलेली आहे आणि वैजयंती पायी. आपण कधी उतरलो ते तिला आठवत नाही. निलोफर पूर्वीसारखी ताठ बसलीय, कोपर बाहेर काढून, सामानासकट सायकल अशी दामटते की जणू चढ नाहीच. ती वळणाआड जाते. वैजयंती पळते. घाटाचा रस्ता शाळेचा जिना होतो, एका मजल्यावर आणखी एक मजला, प्रत्येक मजल्यावर वर्ग भरलेला, आणि मुली वळून बघताहेत. कुणी 'नमस्ते बाई' म्हणत नाही. वरून फक्त चाकाची टिकटिक येतेय. उतारावर पायडल थांबवलं की येते तशी. ती लांब चाललीय.

"नीलू! मला सोडून नको जाऊस!"

टिकटिक थांबते.

नदी आहे. सेमाडोहच असणार, कारण याच्यापुढे वैजयंतीने कधी काही पाहिलेलं नाही. पुलाच्या अलीकडे निलोफर उभी आहे, सायकल धरून. पुलाचं पलीकडचं टोक दिसत नाही. धुकं नाही, अंधार नाही, फक्त तिथे काही काढलेलंच नाही, नकाशाची कोरी कड असते तसं.

"इथून पुढे कुठे?" वैजयंती विचारते. ती रडतेय हे तिला आवाजावरून कळतं.

"मला काय विचारतेस? मी पुढे गेलेच नाही."

"तू ठरवणार होतीस. उद्या बघू म्हणालीस."

"हो." निलोफर मनगटावरची पट्टी फिरवत राहते. "मला वाटलं होतं, असेल उद्या."

पाणी वाहतंय पण त्यालाही आवाज नाही. वैजयंतीला तिचा हात धरायचा आहे. धरला तर कसा लागेल, याची भीती वाटते. तरीही ती धरते. थंड नाही. काहीच नाही, रिकाम्या बाहीसारखा.

"मग मी इथेच राहते तुझ्यापाशी," ती म्हणते.

निलोफरचा चेहरा पहिल्यांदाच बदलतो. वर्गात गणित चुकलं की व्हायचा तसा.

"हं, राहा. आणि हे सगळं ओझं कुणासाठी वाहून आणलंस? तू भूगोलाची ना गं? नदी कुठे जाते ते तुला मी सांगू?"

"तापीला."

"मग?"

ती सायकल पुढे ढकलते. हँडल वैजयंतीच्या पोटाला लागतं, जोरात, दुखेल इतकं, आणि खाली कुणीतरी गादी झोडपतंय.

ऊन गजांवरून भिंतीवर चढलंय. वैजयंतीचं अंग घामाने भिजलेलं, पोटऱ्या थरथरताहेत. दारात केतकी उभी आहे, खांद्यावरची बॅगही न उतरवता.

"आई, बरी आहेस ना? हाका मारतेय मी."

"सेमाडोहवरून हरिसाल," वैजयंती म्हणते. आवाज जड येतो. "मग धारणी. तिथून तापीपर्यंत. तापी बघून परत फिरेन."

"मग ठरलंय म्हणत होतीस ते?"

"आत्ता ठरलं."

केतकी सायकलकडे बघतेय. "आणि सीट एवढी वर कशाला केलीस? पाय तरी पुरतील का तुझे?"

वैजयंती उठते. सीट वर आहे. चांगली वीतभर वर, नळीवरची चकचकीत, कधी उघडी न पडलेली पट्टी दिसतेय. सीट खाली घ्यायला ती नळीवरची खिट्टी उघडायला जाते. उघडत नाही. दोन्ही हातांनी जोर लावते. मग केतकी बॅग खाली टाकून पुढे येते, दोघी मिळून ओढतात, आणि खिट्टी तसूभरही हलत नाही.

"बाप रे," केतकी तळहात चोळत म्हणते. "कुणी आवळली ही?"

वैजयंती भिंतीला धरून सायकलवर चढते आणि सीटवर बसते. निलोफर तिच्यापेक्षा डोकंभर उंच होती. दोन्ही पाय फरशीच्या वर लोंबकळत राहतात. तिला खाली उतरायचं नाहीये, इतक्यात तरी नाही.