बारा इंची चाकं

आबांनी माझ्या चेहऱ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं ते ओळख होऊन दोन वर्षांनी, आणि तेव्हा त्यांनी बघितलं नसतं तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. तोपर्यंत ते मला माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या टायरवरून ओळखत. दुकानासमोर गाडी थांबली की आबा उकिडवे बसत, टायरवरून तळहात फिरवत आणि मान वर न करता म्हणत, "मास्तरीनबाई, उनी का? उजव्या हातले भलती जोरमा वळस तू." मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. मला कुणी मास्तरीनबाई म्हटलेलं मुळीच खपत नाही. दुसऱ्या कुणाला तिथल्या तिथे सुनावलं असतं.

धुळ्यात पारोळा रस्त्याला त्यांचं एका शटरचं टायरचं दुकान होतं. पाटी नव्हती. हवेचा पंप, पंक्चर शोधायची पाण्याची घमेली, दोन पहारी आणि मागे झोपायची खोली, एवढाच पसारा. समोरचा रस्ता एकीकडे जळगावला जातो, दुसरीकडे सुरतेला. ट्रॅक्टर, रिक्षा, ऊसवाल्यांच्या ट्रॉल्या, सगळं आबा एकटे बघत. एकदा कुणी मोठे पुढारी पंक्चर काढायला थांबले, मागे पाच-सहा गाड्या, फोटो काढणारे लोक. शेजारच्या चहावाल्या अक्कांनी नंतर विचारलं, आबा, कोण होतं हो? आबा म्हणाले, "कोन व्हता मले माहीत नही. पन मागला टायर रिमोल्ड व्हता." माणसांविषयी त्यांची माहिती बहुधा इथेच संपायची.

मी त्यांच्याकडे कशी पोचले ते सांगते. आई गेल्यावर घरात मी एकटी उरले. रविवार हा आठवड्यातला सगळ्यात लांब वार असतो हे तेव्हा कळलं. सकाळी दहालाच घरातली सगळी कामं उरकलेली असायची. अशाच एका रविवारी जळगावला गेले असताना गावाबाहेरच्या मैदानात ऑटोक्रॉस चाललेलं दिसलं. हे काय असतं ते स्टाफरूममध्ये इतक्यांदा सांगावं लागलंय की आता पाठ झालंय. मोकळ्या मातीत शंकू मांडून वळणावळणाची वाट आखतात आणि एका वेळी एकच गाडी सोडतात. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, फक्त घड्याळ. शंकू पाडला तर वेळ वाढवून धरतात. एकटीने खेळायचा खेळ आहे म्हटल्यावर मला तो लगेच आवडला. पुढच्या वेळी वडिलांची जुनी आठशे सीसीची गाडी घेऊन मी बायकांच्या गटात उतरले. गटात चौघी होतो. माझा नंबर चौथा.

टायर झिजलेत हे मलाही दिसत होतं. मैदानावर ज्याला त्याला सल्ला द्यायची हौस. कुणी म्हणालं तेरा इंची रिम बसवा, कुणी म्हणालं छे, चौदा, अलॉय, टायर चांगला रुंद घ्या, गाडी जमिनीला चिकटून राहील. हे सगळं कागदावर लिहून मी आबांकडे गेले आणि एकेक माप वाचून दाखवलं. आबांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "माटी कोठली?"

म्हटलं, जळगावची. आबा म्हणाले, "जळगावनी बठ्ठी माटी एक शे का? मूठभर लई ये."

आता पन्नास मैलांवरून टायरवाल्यासाठी माती आणायची म्हणजे कमालच झाली. पण आणली, डब्यातून. आबांनी ती तळहातावर घेतली, पाण्याचे चार थेंब टाकून चोळली, गोळी केली, गोळी दोन बोटांत धरून फोडायला बघितली. ती फुटेना. "काळी शे," ते म्हणाले. "खाले मुरूम व्हई. पानी पिनी का ही चाकले सोडत नही. रुंद चाक वरच तरंगस. बारीक चाक कापी खाले जास. धाकली गाडी, धाकलं चाक. बारा इंची." आणि कोपऱ्यातून त्यांनी एकशे पंचेचाळीस रुंदीचा, मोठ्या खाचांचा टायर काढून पुढ्यात ठेवला.

मी घरी जाऊन गणित मांडलं. चौदा इंची चाक लावलं तर चाकाचा घेर जवळजवळ नऊ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे वळणातून बाहेर निघताना दुसऱ्या गिअरमध्ये गाडीची ओढ तेवढीच कमी होते. शिवाय चाक जड. मी दोनदा ताळा केला. बारा इंचीच बरोबर येत होतं. माझं गणित आणि त्यांची मातीची गोळी एकाच जागी आली तेव्हा, खरं सांगते, मला जरा रागच आला.

मग ठरूनच गेलं. शर्यतीची चार चाकं आबांच्या दुकानात राहायची. स्पर्धा असली की शनिवारी दुपारी मी जायची, ते रोजची चाकं काढून ही बसवायचे आणि मग माझ्याकडे हात पुढे करायचे. मी पर्समधून खडू काढून द्यायची, कॉलेजातलाच. आबा प्रत्येक टायरच्या कडेवर, वरून खाली, खडूची एक उभी रेघ ओढत. टायरच्या कडेला एक बारीक त्रिकोण कोरलेला असतो, तुम्ही बघितला नसेल. वळणात गाडी कलली की टायरची कड जमिनीला घासते आणि खडू पुसला जातो. त्रिकोणापर्यंत पुसला तर हवा बरोबर. पलीकडे गेला तर हवा कमी, आधीच थांबला तर जास्त. स्पर्धेहून आले की सोमवारी आबा त्या रेघा वाचत बसत. मी काही सांगायला गेले की म्हणत, "तू नको सांगू. चाक सांगी." वर्षभरात मी चौथीची तिसरी झाले, मग दुसरी. ते सोमवार मला रविवारपेक्षाही आवडायचे. आठवडाभरात माझ्या कशाचीही एवढी बारकाईने चौकशी करणारं दुसरं कुणी नव्हतं.

मला एकच गोष्ट हवी होती. आबांनी एकदा मैदानावर यावं, आपली चाकं धावताना बघावीत. त्यांनी कधी कुठलीच शर्यत बघितली नव्हती. मी दर वेळी विचारायची आणि दर वेळी तेच उत्तर यायचं. "रविवारले नही जमाव. रविवारले सुरतवाला येई."

सुरतवाला म्हणजे त्यांचा मुलगा. तिकडे कुठल्याशा कारखान्यात मोठा सुपरवायझर. 'एखाद्या रविवारी येतो' असं तो म्हणाला होता, आणि तेव्हापासून आबा रविवारी दुकानाचं शटर अर्धं उघडून, धुतलेला सदरा घालून, सुरतेच्या बाजूला तोंड करून खुर्चीवर बसत. दिवेलागणीला शटर ओढत. चार वर्षं झाली होती. अक्का सांगायच्या, रविवारी आबा पंक्चरसुद्धा घेत नाहीत, हात काळे होतात म्हणून.

त्या खेपेला स्पर्धा पंधरा दिवसांवर होती. मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि माझी जीभ सुटली. मी म्हटलं, "आबा, तो यायचा नाही. चार वर्षं झाली, तुम्हाला कळत कसं नाही?" आबा एका रिक्षाच्या चाकात हवा भरत होते. त्यांनी हवा मोजली. पुन्हा मोजली. मग म्हणाले, "नळी धर जरा." मी नळी धरली नाही. गाडी काढली आणि निघून आले.

चूक माझी होती हे मला घरी पोचायच्या आतच कळलं होतं. पण माझा स्वभाव असा मेला, चुकले की अजून चिडते. पुढच्या सुट्टीत नाशिकला जाऊन चौदा इंची चकचकीत अलॉय आणि रुंद टायर बसवून आणले. गणित मला पाठ होतं, तरीही. शनिवारी दुपारी मी आबांकडे गेले नाही. ते चार वाजेपर्यंत माझी चाकं बाहेर काढून, पुसून, वाट बघत होते, असं अक्कांकडून कळलं, पण फार नंतर.

रविवारी मैदानावर धूळ उडू नये म्हणून भल्या सकाळी टँकरने पाणी मारलं होतं. काळ्या मातीवर. मी कापसाच्या गावातली, ओल्या रानात गेलं की पायाला किती माती चिकटते हे मला चालायला शिकल्यापासून माहीत, आणि तरी मी त्या रुंद टायरांवर बसून ऐटीत निघाले. तिसऱ्या वळणाला टायरच्या खाचा बुजल्या. चाकं गुळगुळीत झाली. वळवलं की टायर मडगार्डला घासून कुरकुरायचा, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी नुसती रडायची. दोन शंकू पाडून परत आले.

गाड्या लावायच्या जागी, जिथे मी पाण्याची बाटली ठेवून गेले होते तिथे, धुतलेला सदरा घातलेला एक म्हातारा उकिडवा बसला होता. खांद्याला कापडी पिशवी, हातात खडू. खडू त्यांनी स्वतः विकत आणला होता.

मी गाडी थांबवली. आबांनी सवयीने चाकाकडे हात नेला आणि तो मधेच थांबला. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं कुणास ठाऊक. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, बुबुळ पांढुरकं झालं होतं. ते मला त्या दिवशी दिसलं. म्हणजे दोन वर्षांत मीही त्यांच्याकडे कधी नीट बघितलं नव्हतं.

"चौदा इंची शेतस," एवढंच ते म्हणाले. मी काही बोलायच्या आत त्यांनी एक काडी उचलली, खाचांतला चिखल उकरून काढला, चारही चाकांवर रेघा ओढल्या. दुसऱ्या फेरीनंतर त्या वाचल्या आणि म्हणाले, "पुढली हवा तीननी कमी कर." मी केली. तिसरी फेरी थोडी बरी झाली, पण नंबर चौथाच. मी म्हटलं, आबा चला, मी सोडते. ते म्हणाले, "नको माय, एसटी शे." मास्तरीनबाई म्हणाले नाहीत. मी त्यांना रस्त्यापर्यंत जाताना बघत राहिले आणि मागून हाक मारली नाही.

त्यानंतर दीड महिना मला दुकानात जायला तोंड नव्हतं. रोज ठरवायची, उद्या जाऊ, सरळ सांगू, माझं चुकलं. गेले तेव्हा शटर बंद. अक्का म्हणाल्या, "सुरतवाला उन्ता. मंगळवारले. लई गया सोबत." मुलगा इतक्या वर्षांनी आला तो आडवाराला आला. तेव्हा आबांचा सदरा मळका होता आणि हात काळे होते. अक्कांनी टपरीमागचं गोणपाट बाजूला केलं. खाली माझी चार बारा इंची चाकं. हवा भरलेली, खाचा ताराने साफ केलेल्या, प्रत्येकाच्या कडेवर खडूची ताजी रेघ. वर, मी माती आणली होती तो डबा.

पुढच्या स्पर्धेला ती चाकं मी स्वतः बसवली. पहिली फेरी झाल्यावर चाकाशी बसले आणि अक्कांनी दिलेल्या नंबरावर फोन लावला. मुलाने आबांना दिला. मी म्हटलं, "आबा, माझं चुकलं. तुमच्या मुलाबद्दल बोलले ते, आणि चाकांचंही."

मग आबा म्हणाले, "रेघ कोठलोंग पुसाई गयी?"

मी एकेका चाकाचं सांगितलं. पुढची दोन्ही त्रिकोणापर्यंत, मागची जरा अलीकडेच थांबलेली. "मागली हवा दोननी कमी कर," ते म्हणाले, आणि मग, मी न विचारता, "आठे सुरतमा सातवा मजला शे, मास्तरीनबाई. वरतून गाडीसना नुस्ता टप दिसस. चाक दिसत नही."

मी हवा दोनने कमी केली आणि त्या दिवशी पहिली आले. सांगायला पुन्हा फोन केला तो सूनबाईंनी उचलला. म्हणाल्या, "बाबा खाली गेलेत, पार्किंगमध्ये. रोज जातात. गाड्यांची चाकं बघत बसतात, आम्हाला तर काही कळत नाही."

पुढच्या होळीच्या आधी मुलाचा फोन आला, आबा गेले म्हणून. मी तेव्हा वर्गात होते. फोन ठेवला आणि उरलेला तास शिकवला. हातातला खडू मात्र संपेपर्यंत सोडला नाही.

आता स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी मैदानाची माती मागवते, चोळून गोळी करते. पोरंपोरी हसतात, मग आपल्या गाडीला कुठलं चाक लावायचं ते मलाच विचारतात. मी सांगते. सांगताना त्यांच्या तोंडाकडे बघते, मुद्दाम बघते. फेरी झाली की त्यांच्या रेघा वाचून देते आणि सगळ्यात शेवटी माझ्या गाडीशी येऊन बसते. चारही चाकांचं एकेक करून मोठ्याने सांगते, पुढचं डावं, पुढचं उजवं, मागची दोन्ही. मग थोडा वेळ थांबते. हवा किती कमी करायची ते आता मलाच ठरवावं लागतं.