सुतकातलं रिटर्न

उमादेवीचा राग जिंतूरच्या बाजारात सगळ्यांना माहीत होता, पण तो बिनकारणाचा आला असं मात्र कुणी सांगू शकणार नाही. मोटारीचं वाइंडिंग करणाऱ्या बाईला रागीट म्हणणं सोपं असतं. तांब्याच्या तारेचे फेरे मोजताना मधेच कुणी “अक्का, किती झाले?” म्हणून विचारलं, की मोजणी चुकते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. मग माणूस डाफरणार नाही तर काय ओवाळणार?

बसस्टँडमागच्या गल्लीतलं ‘महेश्वरी मोटार वाइंडिंग’ हे तिचं दुकान. पाटीवर नाव लेकीचं, आणि जीएसटीचा नंबर उमादेवीच्या नावावर. नवरा वीरुपाक्ष विहिरीतून, बोअरमधून मोटारी उपसून आणायचा आणि दुरुस्त झाल्या की बसवून द्यायचा. जळालेली मोटार उघडून नवी तार भरणारी उमादेवी. “कारागीर तू हायस, मग नाव बी तुझंच,” असं म्हणून त्यानंच आठ वर्षांपूर्वी नंबर तिच्या नावावर काढायला लावला होता. सरकारी कामाला नंबर लागतो. तो मिळाला आणि आसपासच्या अकरा गावांच्या नळयोजनेच्या मोटारी दुरुस्तीला याच दुकानात यायला लागल्या. दुकान चालत होतं ते या अकरा गावांवर. बाकीची गिऱ्हाइकं म्हणजे हंगामापुरती.

हा गुत्ता, म्हणजे दुरुस्तीचा ठेका, दरवर्षी नव्यानं घ्यावा लागे. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात दरांचं बंद पाकीट द्यायचं. यंदा त्यात एक नवी अट आली होती. मागच्या महिन्याचं जीएसटी रिटर्न मुदतीत भरल्याची पावती पाकिटात पाहिजे. रिटर्नची मुदत वीस तारखेची, पाकिटाची मुदत एकवीसला दुपारी एकची. अट ऐकून उमादेवी खूश झाली होती. नवऱ्याला म्हणाली, “ही अट आपल्यासाठीच काढलीय जणू. दुसऱ्या कुणाची वेळेत असतेत?” दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत बिलांची पिशवी टॅक्स वकिलाकडे पोचवायची, असा तिचा आठ वर्षांचा नेम. वकील देईल ती गुलाबी पावती ती भिंतीवरच्या तारेत ओवून ठेवी. नव्वदच्या वर पावत्या झाल्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती त्या दाखवायचीसुद्धा.

त्या महिन्यात पाच तारखेला पिशवी गेली नाही. वीरुपाक्षाच्या छातीत दुखायला लागलं होतं. आज बरं, उद्या जास्त, असं करता करता अकराला परभणीच्या दवाखान्यात नेताना वाटेतच तो गेला.

माती झाली. लेक महेश्वरी पूर्णेहून आली, तीन दिवस राहिली, नोकरीवर परत गेली. चौथ्या दिवशी उमादेवीनं दुकानाचं शटर वर केलं. कामाच्या टेबलावर वीरुपाक्षानं अर्धी उघडून ठेवलेली मोटार तशीच होती. ती रडली, आणि मग डोळे पुसून फेरे मोजायला बसली.

लिंगायतांच्या घरात सुतक पाळत नाहीत, हे जिंतुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण दुसऱ्याच्या घरातलं दुःख म्हटलं की माहीत असलेलंही लोक विसरतात. समोरच्या नर्मदाबाई पायरीपर्यंत येऊन म्हणाल्या, “अगं, मनाची न्हाई तर जनाची तरी. तेरा दिवस तरी घरात बसायचं.”

“आमच्यात नसतं ते, मावशी.”

“ते खरं हाय. पण बघणाऱ्याला कुठं कळतंय?”

उमादेवी तार फिरवत राहिली. तिला फेऱ्यांचा आकडा विसरायचा नव्हता.

पंधरा तारखेला ती स्वतः पिशवी घेऊन टॅक्स वकील दत्तराव यांच्या ऑफिसात गेली. अर्ध्या बाजाराची रिटर्नं हेच दत्तराव भरत. प्रत्येकाचा पासवर्ड त्यांच्या वहीत आणि प्रत्येकाचा ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर, म्हणजे दुकानदाराला कसली कटकट नको. त्यांनी पिशवी घेतली, वीरुपाक्ष किती देवमाणूस होता ते दोनदा सांगितलं. उमादेवीनं पाकिटाची गोष्ट सांगितली, तारीख सांगितली. त्यांनी मान हलवली. मान हलवण्यात दत्तरावांचा हात धरणारा कुणी नव्हता.

वीस तारखेला दुपारी तिनं फोन केला.

“वकीलसाहेब, पावती न्यायला कधी येऊ?”

“कसली पावती, वहिनी?”

“आज वीस हाय.”

“हां, ते होय. तुमची फाइल मी बाजूला ठेवलीय. तेरावं कुठं झालंय अजून? सुतकात सरकारी कागदाला कसा हात लावायचा? पुढच्या महिन्यात दोन्ही संगंच भरू. दंड म्हणाल तर रोजचे पन्नास. तुमी आराम करा.”

 उमादेवीनं फोन ठेवला, शटर ओढलं आणि चालत निघाली. वाटेत दोघांनी विचारलं, “बरं हाय का, अक्का?” तिला ते ऐकू आलं नाही. नवरा गेल्यापासून जो तो तिला बस म्हणत होता. बस, आराम कर, घरात राहा. महिन्याची वीस तारीख काही बसून राहणार नव्हती, आणि अकरा गावांचं पाणीही.

दत्तरावांच्या ऑफिसात तीन-चार दुकानदार पिशव्या मांडीवर घेऊन बसले होते. तिला बघून खताचे व्यापारी सितारामशेठ उठून उभे राहिले आणि त्यांनी आपली खुर्ची दिली. ती बसली नाही.

“काढा फाइल,” ती म्हणाली.

“वहिनी, तुमी कशाला आलात? लोक काय म्हणतील, घरात माती होऊन दहा दिस झाले न्हाईत तर या वकिलानं—”

“लिंगायताच्या घरात सुतक नसतं. आठ वर्षं आमचा चहा पिताव, तुमाला ठावं न्हाई?”

“ठावं हाय हो. पण माझ्या मनाला—”

“तुमच्या मनाचं तुमी बघा. पंधराला मी पिशवी दिली तवा का न्हाई सांगितलं? पाकिटाचं तुमच्या तोंडावर सांगून गेले मी. तवा मान हलवली ती कशापायी?”

दत्तराव इतरांकडे बघून हसले. कुणी हसलं नाही. मग त्यांनी सरकारच्या साइटवर खापर फोडलं. आज गर्दी असते, साइट चालत नाही, उद्या बघू.

“चालंस्तवर मी हितं हाय,” उमादेवी म्हणाली, आणि आता बसली. टेबलाच्या पलीकडे नाही, त्यांच्या बाजूला, कॉम्प्युटर दिसेल अशी.

शेवटी त्यांनी तिचं खातं उघडलं. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. उमादेवी ओठातल्या ओठात मोजत होती, एक, दोन, तीन. ती तिची सवयच होती. शंभराच्या पुढे गेल्यावर पान उघडलं. वरती तिचं नाव, खाली महिन्यांची यादी आणि प्रत्येक महिन्यापुढे तारीख. तिला इंग्रजी वाक्य वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. आकड्यांवरच तर तिचं पोट होतं. तेवीस. चोवीस. सत्तावीस. बावीस. पुन्हा चोवीस.

“ह्या तारखा कसल्या?”

“ह्या आपल्या ह्याच्या... भरल्याच्या.”

“रिटर्न भरल्याच्या?”

दत्तरावांनी पान खाली सरकवायला बघितलं. तिनं त्यांचा हात धरला. परक्या पुरुषाचा हात भर ऑफिसात धरला, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

“वीस कुठं हाय ह्यात? मला एक वीस दावा.”

“अहो, वीसला साइट जाम असते. दोन दिवसांनी मोकळी होते, मग मी सगळ्यांची एका बैठकीत उरकतो. दंड म्हणजे शे-तीनशे, तो तुमच्या रकमेत धरलेला असतो. सगळ्यांचंच तसं हाय.”

“आणि ती गुलाबी पावती?”

“ती माझी. पैसे पोचल्याची.”

उमादेवीला भिंतीवरची तार आठवली. नव्वद पावत्या. पाच तारखेच्या आत जायचंच म्हणून एकदा ती तापात गेली होती, एकदा लेकीचं लग्न चार दिवसांवर असताना गेली होती. वीरुपाक्ष हसायचा, “तुझ्यामुळं सरकार चालायलंय.” ती तारेकडे बोट दाखवून लोकांना सांगायची. लाज वाटावी असं तिनं काही केलं नव्हतं, तरी तिला लाज वाटली, आणि त्या लाजेचा राग आणखी आला.

“म्हंजे आठ वर्षं मी चोर, आणि मलाच पत्ता न्हाई,” ती हळू म्हणाली. “मी वेळेत देते, तुमी तुमच्या सवडीनं भरता, दंड माझ्याकडनं घेता, वर फी घेता. आणि आज नवऱ्याच्या मरणाची सबब सांगता. लाज कशी वाटत न्हाई तुमाला, दत्तराव?”

एरवी ती त्यांना वकीलसाहेब म्हणायची. दत्तरावांच्या ते लक्षात आलं.

“तुमाला त्यातलं काय कळणार, म्हणून न्हाई सांगितलं,” ते म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं की हे बोलायला नको होतं. कारण मागून सितारामशेठ उठले.

“माझ्या बी तारखा दावा हो जरा, वकीलसाहेब.”

“माझ्या बी,” दुसरा म्हणाला.

“आधी माझं,” उमादेवी म्हणाली. “मग ह्यांच्या तारखा दावत बसा रातभर.”

साइट दोनदा बंद पडली. दत्तरावांना घाम आला. त्यांनी चहा मागवला, तो तिनं घेतला नाही. बिलं एकेक करून तिनंच वाचून दाखवली, त्यांनी आकडे भरले, एक आकडा चुकला तो तिनं पकडला. ओटीपी त्यांच्या मोबाइलवर आला. “उद्यापासून हा माझ्या मोबाइलवर यायला पाहिजे,” ती म्हणाली. “काय अर्ज करायचा तो करा. पासवर्ड आत्ताच लिहून द्या.” त्यांनी लिहून दिला. पावणेसातला पडद्यावर हिरवी ओळ उमटली आणि मशीनमधून कागद बाहेर आला. वरती तारीख होती वीस.

आठ वर्षांत तिच्या नावानं मुदतीत भरलेलं ते पहिलं रिटर्न होतं, आणि ते लोकांच्या हिशेबानं सुतकात भरलेलं.

तिनं फी दिली नाही. दत्तरावांनी मागितलीही नाही.

दुसऱ्या दिवशी, एकच्या मुदतीआधी, साडेअकराला ती पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात पोचली. टेबलावर दोन पाकिटं आधीच होती. कारकुनानं मान वर केली, तिच्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं.

“उमाक्का, तुमी? तुमचं पाकीट यंदा येत न्हाई असंच धरून चाललो होतो आमी. घरात असं झाल्यावर...”

“पावती बघून घ्या. वीस तारीख हाय.”

त्यानं हात पुढे केला, मग काहीतरी आठवल्यासारखा मागे घेतला. “तिकडं ठेवा, त्या कोपऱ्यावर. मी घेतो नंतर.”

तो तिला शिवू नये म्हणून मागे झाला, हे कळायला तिला क्षणही लागला नाही. काल दुपारपासूनचा राग पुन्हा वर आला, पण आता तो तिच्या मुठीत होता. तिनं पाकीट कोपऱ्यावर ठेवलं नाही. ते हातात धरून ती तशीच उभी राहिली. मागे रांग झाली. कुणीतरी खाकरलं.

“माझ्या हातातनं घ्या,” ती म्हणाली. “आणि पोच द्या. तारीख घालून.”

कारकुनानं पाकीट घेतलं. पोच लिहिली, शिक्का मारला, कागद तिच्याकडे सरकवला. तिनं तो उचलून वाचला, आणि परत त्याच्यापुढे ठेवला.

“वेळ बी लिहा,” ती म्हणाली.