नावावरचे खळगे

आमच्या लुइझियानात गळाच्या काठ्या बनवणारे पुष्कळ, पण अल्सीडइतका हट्टी म्हातारा दुसरा नाही. काठीवर गिऱ्हाइकाच्या नावाचं स्टिकर चिकटवून तो वर एपॉक्सीचा, म्हणजे पारदर्शक राळेचा, लेप द्यायचा, आणि नेमके नावावरच बारीक खळगे पडायचे. मग तो कधी दमट हवेला शिव्या घालायचा, कधी एपॉक्सीला.

शेवटी बायको ओडील म्हणाली, "सॉसेज खातोस आणि त्याच तेलकट अंगठ्याने नाव कुरवाळतोस. लेप धरेल कसा?"

भिंतीवर तिच्या नावाची काठी होती, आरशासारखी गुळगुळीत. ओडीलने ती खाली काढली. "म्हणजे माझं नाव कधी कुरवाळलंच नाहीस."

अल्सीड खाली मान घालून म्हणाला, "तुझं कुरवाळायच्या आधी हात धुतले होते, बये."